हसाजीची मुलगी: मुंबई ते नवगाव, चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

टॅक्सीत बसल्यापासून आईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि डब्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला. वर चौकोनी, काळ्या, आम्हाला न कळणाऱ्या अक्षरांच्या ओळी आणि खाली मराठीत दोन सह्या, त्यातली एक शाईच्या डागाखाली गेलेली.

हा कागद काकीनं जपला. काकी म्हणजे आईला वाढवणारी बाई, मूळची मालवणकडची. नवरा गोदीत कामाला आणि राहायला माझगावची चाळ. शेजारच्या खोलीत आईचे आईवडील राहायचे, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आई १९४९ची. तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. पुढच्या वर्षी वडील क्षयानं गेले. तेव्हा ही चार वर्षांची होती. चुलता इस्राएलला निघाला होता. पोर तापानं फणफणलेली होती, म्हणून 'मागाहून नेतो' म्हणाला आणि काकीकडे ठेवून गेला. पत्र आलं नाही. कोणी न्यायलाही आलं नाही.

काकीनं तिचं नाव बदललं नाही, शाळेत वडिलांचं आडनावच लावलं: चेऊलकर. बाकी तिला फारसं काही माहीत नव्हतं. पण दोन गोष्टी ती न चुकता करायची. शुक्रवारी दिवेलागणीला एक जास्तीचा दिवा लावायची आणि म्हणायची, "ही तुझ्या आईची वेळ." आणि स्वतः तिसऱ्या, कोळंबी, कुर्ल्या जीव टाकून खाणारी ती बाई, त्यातलं काही आईच्या ताटात कधी पडू द्यायची नाही. "तुझ्या आयेक चलत नसा," एवढंच कारण. आईला वाटायचं, आपल्या आईला ते सोसत नसेल.

काकी गेली २००३ साली. त्यानंतर आई एकदाच हा कागद घेऊन एका कचेरीत गेली होती. आईवडिलांच्या मृत्यूची नोंद कुठे मिळेल, एवढंच विचारायला. तिथल्या माणसानं कागद उलगडायच्या आधीच म्हटलं, "असं काय, कोणीही येऊन सांगेल." आईनं कागद तसाच परत आणला. मग वीस वर्षं डबा कपाटात. यंदा ती पंचाहत्तरीची झाली आणि एका सकाळी म्हणाली, "माझ्या आईबापाच्या नावानं एकदा हशकाबा म्हणवून घ्यायचाय. त्याला नावं लागतात." हशकाबा म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, हे तिला कुठून कळलं हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

मशीद बंदर स्टेशनच्या बाहेर आलं की मसाल्याचा आणि हातगाड्यांचा लोंढा. सॅम्युएल स्ट्रीटवर शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६चं. बेने इस्राएली लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे. ही 'जुनी मशीद', आणि स्टेशनचं नावही हिच्यावरूनच पडलं असं सांगतात. दारात पोलीस चौकी आहे, २००८नंतर असतेच. आधी फोन करून ठेवला होता. तरी आमच्या आधार कार्डांवरची आडनावं बघून शिपाई घुटमळला. "काय काम?" आई म्हणाली, "कागद वाचून घ्यायचाय."

आत एक वयस्कर गृहस्थ आमची वाट बघत होते. आईनं डबा उघडला. त्यांनी कागद टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळ नेऊन, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायला लागले. मी त्यांच्या नखाकडे बघत होते. एका शब्दाशी ते थांबलं.

"हा कतुबा आहे बाई. लग्नाचा करार. हे नवऱ्याचं नाव: यहेज्केल, शेमुएलचा मुलगा. ही नवरी: रिबका."

आईचा चेहरा उतरला. "नाही, मग हा माझ्या वडिलांचा नव्हे. काकी त्यांना हसाजीभाऊ म्हणायची. हसाजी."

गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. "अहो, यहेज्केल म्हणजेच हसाजी. आमच्यात जुनी माणसं असंच म्हणायची. शेमुएलचा सामाजी, बिन्यामीनचा बनाजी, यहेज्केलचा हसाजी. तुम्ही ज्या सिनेगॉगमध्ये बसलाय ना, ते ज्यानं सुरू केलं तो सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. घरचं नाव सामाजी हसाजी दिवेकर!"

आई गप्प झाली. सत्तर वर्षं ती हसाजी हे टोपणनाव समजत होती. काकीच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं बाप मनात उभा केला होता, तो सतत हसणारा म्हणून. मलाही तिनं लहानपणी तसंच सांगितलेलं. "तुझे आजोबा फार हसरे होते." आता तिला तो हसरा बाप सोडून देऊन संदेष्ट्याचं नाव लावणारा एक अनोळखी माणूस घ्यायचा होता. बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "हसतही असतील की."

दिवेकराची गोष्ट त्या गृहस्थांनीच सांगितली. तो कंपनीच्या फौजेत होता आणि टिपूच्या कैदेत सापडला. तुम्ही कोण, असं विचारल्यावर 'बेने इस्राएल' हे उत्तर दिलं आणि त्या उत्तरामुळे जीव वाचला, अशी आठवण समाजात पिढ्यानपिढ्या सांगतात. सुटून आल्यावर त्यानं हे प्रार्थनाघर सुरू केलं.

दुपारी वरळीला डॉ. ई. मोझेस रोडवरच्या कबरस्तानात गेलो. ज्यांचं नाव रस्त्याला आहे तेही बेने इस्राएली, मुंबईचे महापौर होते. दगडांवर हिब्रू, इंग्रजी आणि मराठी. पेणकर, रोहेकर, नागावकर, किहिमकर, झिराडकर. रायगडातल्या एसटी स्टँडवर उभं राहून पाट्या वाचाव्यात तसं वाटत होतं. आई प्रत्येक दगडापाशी थांबत होती, पुसट असेल तर पदरानं पुसत होती. तीन तास फिरलो. चेऊलकर सापडले, पण १९५३चा हसाजी नाही. चाळीत क्षयानं गेलेल्या माणसाच्या डोक्यावर दगड कोण बसवणार होतं?

दुसरा दिवस, शुक्रवार

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा, तासाभराचा प्रवास. काकीचा नवरा याच बाजूला गोदीत माल उतरवायचा. आई रेलिंगला धरून माझगावकडे बघत उभी होती, किनारा दिसेनासा होईपर्यंत. तिथून रिक्षानं अलिबाग.

अलिबागेत इस्राएल आळी नावाचीच आळी आहे. त्यात मागेन अबोथ हे सिनेगॉग, मूळ १८४८चं, १९१० साली पुन्हा बांधलेलं. कोकणातल्या लोकांनी या समाजाला दिलेलं नाव शनवार तेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी आलेली ही माणसं पुस्तकं, भाषा सगळं हरवून बसली होती, असं त्यांचीच परंपरा सांगते. उरलं होतं ते शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नेम आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. दुःख असो की आनंद, तेवढंच म्हणायचे.

ओळखीतून ज्या मावशींकडे उतरायचं ठरलं होतं त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला छोटी नळी तिरकी ठोकलेली होती, आत प्रार्थनेचा कागद असलेली, मेझुझा. मावशींनी तिला बोटं लावली, ओठांना लावली. आईनंही लावली, जरा घाबरतच. ओटीवर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं चित्र होतं, अग्नीच्या रथात बसलेले. त्या रथाच्या खुणा अलिबागजवळ सागावच्या खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे, त्याला एलियाहू हन्नाबींचा टापा म्हणतात. मावशी हे सगळं नारळ खवता खवता सांगत होत्या.

जेवायला पापलेटचं कालवण होतं, नारळाच्या दुधातलं. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून सगळ्याच कालवणांत नारळाचं दूध घालायची यांची पद्धत. आईनं सहज विचारलं, "तुमच्यात कोळंबी करत नाहीत का?"

"नाही गं बाय! त्याच्यावर तर आमची ओळख पटली." आणि त्यांनी दाविद रहाबीची गोष्ट सांगितली. फार पूर्वी हा परका यहुदी कोकणात आला. या लोकांच्या चालीरीती बघून त्याला संशय आला, हे आपलेच तर नव्हेत? म्हणून त्यानं बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पंख आणि खवले असलेली मासळी तेवढी वेचून घेतली, बाकीची बाजूला सारली. "म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. झालं, त्याला कळलं."

आईचा घास हातातच राहिला. मग तिनं मावशींना काकीचं सांगितलं. तिसऱ्यांचं, कुर्ल्यांचं, "तुझ्या आयेक चलत नसा"चं. मावशी खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि ती बाई आमच्यातली नव्हती?"

"नव्हती."

मला राहून राहून वाटतं, सगळ्या प्रवासात महत्त्वाचं ते याच पाटावर घडलं. रहाबीनं बायकांची परीक्षा घेतली असेल तेव्हा त्यांच्यामागे आई, आजी, पणजी होत्या. काकीमागे कोण होतं? शेजारणीच्या स्वयंपाकघरात दारातून बघितलेलं, तेवढंच. त्यावर तिनं एक पोर सोळा-सतरा वर्षं वाढवली.

संध्याकाळी मावशींनी काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल घालून वाती पेटवल्या. आईला म्हणाल्या, तूही लाव. आईनं दिवा लावला आणि काकीसारखे हात जोडून, मान वाकवून नमस्कार केला. मग तिला एकदम चूक झाल्यासारखं वाटलं. मावशी म्हणाल्या, "असू दे. लागला ना दिवा?"

दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दिश, म्हणजे मेलेल्यांसाठी म्हणतात ती दुसरी प्रार्थना, म्हणता येत नाही. अलिबागेत आता थोडीच घरं उरली आहेत, स्वातंत्र्यानंतर बहुतेक सगळे इस्राएलला गेले. त्या शुक्रवारी अश्दोदहून एक कुटुंब गावाकडे आलं होतं, म्हणून दहा भरले. तिकडची मुलं हिब्रूत बोलत होती आणि त्यांचे आजोबा त्यांना मराठीत दटावत होते.

हशकाब्याआधी प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांनी नावं विचारली. आईनं कतुब्यातली नावं सांगितली, अडखळत, पाठ केलेली. मग म्हणाली, "आणखी एक नाव घ्याल का?" काकीचं नाव सांगितलं. काकी कोण हेही सांगितलं.

ते थांबले. त्यांची अडचण मला दिसत होती आणि त्यांनी ती लपवलीही नाही. "या प्रार्थनेत नाही घेता यायचं हो, ताई. ती प्रार्थना तशी नाही. पण त्यांच्या नावाचा दिवा मी लावतो." आणि त्यांनी खरंच वेगळा दिवा लावून ठेवला. मला वाईट वाटलं. आईला वाटलं का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. नावं घेतली गेली तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन बाकाची कड घट्ट धरून उभी होती. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बापाचं नाव मोठ्यानं घेतलं होतं. त्याच्या बापाच्या नावासकट.

तिसरा दिवस, शनिवार

शब्बाथ. मावशी कुठे जाणार नाहीत, आम्हीही नाही. चूल बंद, काल रांधलेलं खाल्लं. ओहोटीला माणसं कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना लांबून दिसत होती.

दुपारी मावशी त्यांच्या इस्राएलमधल्या, दिमोनातल्या बहिणीबद्दल बोलत होत्या. तिकडच्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे अंक बहीण पाठवायची. मग साठच्या दशकाचा विषय निघाला. १९६२ साली तिथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्राएलांना इतर यहुद्यांशी लग्न करायचं असेल तर त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, जमेल तितकी मागे. मराठी बोलणाऱ्या बाया-माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या धरला. १९६४ साली त्यातून बेने इस्राएल हे नाव काढावं लागलं.

"आईची आई कोण, तिची आई कोण," मावशी म्हणाल्या. "कोकणातल्या घाण्यावरच्या बाईनं लिहून ठेवलं होतं का कुठे?"

आई ऐकत होती. मला त्या कचेरीतला माणूस आठवला. एका अनाथ मुलीला पुरावा मागितला तसाच एका अख्ख्या समाजाला मागितला होता, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती जरा सैल होऊन बसली. इतकी वर्षं ती ही आपल्या एकटीची कमतरता समजत होती.

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्यात आईवरून धरतात. म्हणजे तूही आमचीच." मी हसले. रात्री झोप लागली नाही. पन्नास वर्षं मी एक नाव घेऊन जगले आहे, गणपतीत आरत्या म्हणत आले आहे. आपलीच म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अजून नाही.

चौथा दिवस, रविवार

सकाळी रेवदंडा. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आत गाव आणि गावात बेथ एल, १८४२चं. दार उघडायला आलेल्या माणसानं आडनाव विचारलं आणि म्हणाला, "मग तुमचं गाव शेजारीच की."

चेऊल म्हणजेच चौल. नारळ-सुपारीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून सावलीचा रस्ता. आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारलं. चेऊलकर कुठे राहायचे? कोणाला सांगता आलं नाही. एका म्हाताऱ्या बागायतदारानं पाण्याचा पाट वळवता वळवता एवढं सांगितलं की त्याचा बाप शनवार तेल्यांकडून खोबरेल आणायचा, त्या तिकडून. तिकडे आता दुसऱ्याची सुपारी उभी होती. आई गडग्यापाशी थोडा वेळ थांबली. पाय दुखतात म्हणाली, मग बसलो. तिला इथे काही वाटेल अशी माझी फार अपेक्षा होती. तिला काही वाटलं नाही आणि तिनं तसं सांगितलं. "आडनाव इथलं आहे. मी माझगावची."

माझा मुलगा मागे लागलाय की आजीची थुंकी तपासायला पाठवू. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांशी नातं दिसलं आणि इथल्या माणसांशीही, दोन्ही. तो वाचून त्याला उत्साह आलाय. चौलहून परतताना रिक्षात मी आईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "त्यात काकी कुठे दिसणार आहे?"

मांडव्याची बोट गाठायच्या आधी नवगाव. थळजवळ, समुद्रालगत. समोर खांदेरी-उंदेरीची बेटं. याच खडकांवर पहिल्या बेने इस्राएलांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली आणि इथे पुरली, अशी परंपरा. पुरुषांचा उंचवटा वेगळा, बायकांचा वेगळा. आता तिथे स्मारकाचा स्तंभ आहे. आजूबाजूला जुन्या कबरी, नावं नसलेले दगड, गवत, वर वारा.

आई गवतातून जपून चालत बायकांच्या उंचवट्यापाशी गेली. मावशींनी निघताना वाडीतला सब्जा तोडून दिला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून. तिनं तो तिथे ठेवला. हाताला वास राहिला, तो तिनं घेतला.

"ह्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत ना?"

"नाहीत."

मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्यानं, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, नावं घेतली. हसाजी. रिबका. आणि तिसरं काकीचं, माहेरच्या आणि सासरच्या नावासकट, गावासकट.

बोट साडेचारची होती. डबा परत जाताना तिनं माझ्याकडे दिला.